माटुंग्याला अडलेला व्हेरिएबल

मागच्या वर्षी ऑफिसात एका अ‍ॅपची मदतपुस्तिका मराठीत आणायचं काम माझ्याकडे आलं. प्रत्येक स्टेशनसाठी वेगळी प्रत, पण साचा एकच. आम्ही डॉक्युमेंटेशन स्फिंक्समध्ये लिहितो. सारखा लागणारा शब्द त्यात एकदाच ठरवून ठेवायचा आणि मजकुरात दोन उभ्या रेघांमध्ये त्याचं नाव लिहायचं: |स्थानक|. प्रत तयार होताना तिथे खरा शब्द येऊन बसतो. फायदा उघड आहे. 2018 मध्ये एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी झालं, तेव्हा अशा पुस्तिकेत एकच ओळ बदलावी लागली असती.

मी लिहिलं, '|स्थानक|ला उतरा'. पहिली ठेच तिथेच लागली. स्फिंक्स ज्या रीस्ट्रक्चर्डटेक्स्टवर चालतं, त्याला शेवटच्या रेघेनंतर मोकळी जागा किंवा विरामचिन्ह लागतं. लगेच 'ला' आला की ते व्हेरिएबल ओळखतच नाही. यावर तोड आहे: मध्ये उलटी तिरकी रेघ आणि एक स्पेस टाकायची, तयार मजकुरात दोन्ही दिसत नाहीत. पण हे ठाऊक नसलेला माणूस नुसती स्पेस मारून मोकळा होतो आणि वाचणाऱ्याच्या नशिबी 'दादर ला' येतं.

मी राहतो लालबागला. साहजिकच तपासायला स्टेशनं घेतली ती घराजवळची. चिंचपोकळीला, करी रोडला, परळला, दादरला. सगळं चोख. काम पुढे पाठवलं. नंतर एक दिवस आईनं फोन हातात घेतला आणि विचारलं, ''माटुंगाला? हे मराठीच आहे ना रे?'' लिहिणारा मीच, हे काही मी सांगितलं नाही.

दादरच्या पुढचंच स्टेशन माटुंगा, आणि चिंचपोकळीच्या अलीकडचं भायखळा. माटुंग्याला, भायखळ्याला. माझी चारही उदाहरणं बरोबर या दोघांच्या मधली होती, प्रत्यय लागताना न बदलणारी. शाळेत सामान्यरूप शिकलो होतो, दोन मार्कांपुरतं. आमची टूल्स बनवणाऱ्यांनी गृहीत धरलंय की नाव म्हणजे एक घट्ट ठोकळा, कुठल्याही भोकात बसेल. इंग्रजीत ते बरंचसं चालून जातं. मराठीत नाव शेजारच्या प्रत्ययाप्रमाणे आकार बदलतं.

गंमत म्हणजे रिकाम्या जागा भरायचं काम मी कॉलेजच्याही आधी केलंय. गणपतीच्या वर्गणीचं पावतीपुस्तक घेऊन मजले चढायचो. 'श्री./सौ. ........ यांजकडून रुपये ........ मिळाले.' तेव्हा हे 'यांजकडून' म्हणजे निव्वळ जुनाट वाटायचं. आता वाटतं, याहून शहाणा साचा मी पाहिलेला नाही. प्रत्यय तो शब्द स्वतःच्या अंगावर घेतो. रिकाम्या जागेत शिंदे, भोसले, म्हात्रे जसेच्या तसे बसतात. शिंद्यांकडून की शिंदेंकडून हा वाद दारात होत नाही. (श्री./सौ. मधलं नको ते खोडायचं, म्हणजे आमची इफ-एल्स कंडिशनच.) लोकलमधली 'पुढील स्टेशन, माटुंगा' ही घोषणाही तशीच. नाव शेवटी, प्रत्ययाविना.

मग सगळीकडे 'येथे' का लावू नये? 'माटुंगा येथे उतरा.' चूक काहीच नाही. पण बोलताना असं कोण म्हणतं? पावतीला तो ताठा शोभतो, कारण तिथे पैशांचा हिशेब आहे. मदतपुस्तिका ही वाट सांगणाऱ्या माणसासारखी बोलायला हवी. साच्याच्या सोयीसाठी सगळी मराठी नोटीस बोर्डावर नेऊन टांगायची, हे मला पटत नाही. मोझिलाच्या फ्लुएंटमध्ये एकाच नावाची विभक्तीप्रमाणे वेगवेगळी रूपं ठेवता येतात, म्हणजे हे कुणाला सुचलंच नाही असंही नाही.

आमच्याकडे फ्लुएंट नाही. मी प्रत्येक स्टेशनसाठी दोन ओळी केल्या, एक मूळ नावाची आणि एक सामान्यरूपाची. माटुंगा, माटुंग्या. भायखळा, भायखळ्या. परळ, परळ. रिव्ह्यूमध्ये एकानं विचारलं, परळची ओळ दोनदा आलीय, एक उडवू का?

राहू दे म्हटलं.