भोंगा आणि प्रसिद्धिपत्रक

   भोपाळमध्ये १९९० साली स्थापन झालेलं माखनलाल चतुर्वेदी पत्रकारिता विद्यापीठ आहे आणि तिथे जाहिरात व जनसंपर्क हा स्वतंत्र विभाग आहे. राज्य सरकारचं जनसंपर्क संचालनालयही इथलंच. जगभरच्या जनसंपर्काच्या पाठ्यपुस्तकांत संकटकाळातल्या संवादाचं प्रकरण उघडलं, की तिथेही भोपाळ भेटतं. मोठ्या नेत्यांना आणि कंपन्यांना ‘काय बोलावं, कधी बोलावं’ हे सांगणारा सल्लागारीचा व्यवसाय कुठवर आला, हे पाहायचं तर मुंबईतल्या काचेच्या कार्यालयांआधी भोपाळकडे पाहायला हवं.

पाठ्यपुस्तकांतला धडा सहसा ३ डिसेंबर १९८४ च्या सकाळपासून सुरू होतो: अमेरिकेतल्या डॅनबरी इथल्या युनियन कार्बाइडच्या मुख्यालयात वायुगळतीची बातमी पोहोचली, अध्यक्ष वॉरन अँडरसन यांनी भारतात यायचं ठरवलं, पत्रकार परिषदा झाल्या. खरं तर तो काही तास आधी सुरू व्हायला हवा. २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातल्या ६१० क्रमांकाच्या टाकीतून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडला. कारखान्याला दोन भोंगे होते, एक आतल्या कामगारांसाठी आणि एक बाहेरच्या वस्तीसाठी. बाहेरचा भोंगा साडेबाराच्या पुढे थोडा वेळ वाजला आणि बंद करण्यात आला. वस्तीत उगाच घबराट पसरू नये, म्हणून हे दोन भोंगे एकमेकांपासून तोडण्याची पद्धत कंपनीने आधीच घालून दिली होती. आतला भोंगा ऐकून कामगार वाऱ्याची दिशा बघून निघाले. रस्त्यापलीकडच्या जयप्रकाश नगरातली माणसं खोकत उठली आणि वारा नेईल तिकडे, म्हणजे गॅसच्याच दिशेने धावली. ओलं फडकं तोंडावर धरा आणि वाऱ्याला आडवे चाला, एवढी दोन वाक्यं त्यांना कुणी आधी सांगितली असती, तर कित्येक जण वाचले असते.

माझ्या मते जनसंपर्काचं या प्रकरणातलं सर्वांत मोठं अपयश हेच. पुढच्या चाळीस वर्षांतली सगळी प्रसिद्धिपत्रकं त्यानंतरची.

सूचना मिळाल्याच नव्हत्या, असंही नाही. डिसेंबर १९८१ मध्ये फॉस्जीनच्या गळतीत अश्रफ खान हा कामगार मेला. राजकुमार केसवानी या तरुण पत्रकाराने त्यानंतर कारखान्याच्या कामकाजाची माहिती गोळा करायला घेतली आणि १९८२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ‘रपट’ या आपल्या छोट्याशा साप्ताहिकात लेखांमागून लेख लिहिले: हे शहर ज्वालामुखीच्या तोंडाशी बसलं आहे, वेळीच सावध व्हा. जून १९८४ मध्ये ‘जनसत्ता’तही त्यांनी तेच लिहिलं. त्याच १९८२ साली, मे महिन्यात, कंपनीच्याच अमेरिकन तज्ज्ञांच्या पथकाने कारखाना तपासून गंभीर त्रुटींची यादी दिली होती. म्हणजे बाहेरून पत्रकार सांगत होता आणि आतून स्वतःचेच अभियंते. चांगला सल्लागार या दोन्ही गोष्टी अध्यक्षांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवतो आणि उत्तर मिळेपर्यंत उठत नाही. कार्बाइडकडे जनसंपर्काची माणसं होती, पण त्यांना कामाला लावलं गेलं ते आतलं बाहेर पोहोचवायला. बाहेरचं आत आणण्याची जबाबदारी कुणाचीच नव्हती.

दुर्घटनेनंतर कंपनीने बर्सन-मार्स्टेलर ही त्या काळातल्या अग्रगण्य संस्थांपैकी एक नेमली. दोनच वर्षांपूर्वी, १९८२ मध्ये, शिकागोत टायलेनॉलच्या कॅप्सूलमध्ये कुणीतरी सायनाइड मिसळलं आणि सात माणसं दगावली, तेव्हा जॉन्सन अँड जॉन्सनने अमेरिकेभरातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या होत्या. ते औषध पुन्हा बाजारात आणताना कंपनीला सल्ला देणाऱ्यांत हीच बर्सन-मार्स्टेलर होती. टायलेनॉल हा या व्यवसायाचा सर्वांत लाडका यशाचा दाखला. तिथे शब्दांना वजन आलं, कारण त्यांच्यामागे काही कोटी डॉलर सोसण्याचा निर्णय होता. भोपाळमध्ये संस्था तीच, हातातली कौशल्यं तीच. पण सांगण्याजोगा निर्णयच नव्हता. कोणता वायू होता, त्यावर उतारा काय, दूरगामी परिणाम कोणते, हे हमीदिया रुग्णालयातल्या डॉक्टरांना तातडीने आणि पूर्णपणे सांगितलं गेलं नाही. डोळ्यांची जळजळ होईल एवढंच, असा दिलासा कंपनीच्या बाजूने दिला जात होता आणि वॉर्डात माणसं मरत होती.

अँडरसन ७ डिसेंबरला भारतीय कंपनीचे अध्यक्ष केशुब महिंद्रा आणि व्यवस्थापकीय संचालक विजय गोखले यांच्यासह भोपाळला उतरले. विमानतळावरच त्यांना अटक झाली, श्यामला हिल्सवरच्या कंपनीच्या अतिथिगृहात ठेवण्यात आलं आणि २५ हजार रुपयांच्या जामिनावर त्याच दिवशी राज्य सरकारच्या विमानाने दिल्लीला पाठवलं गेलं. नेत्याने घटनास्थळी स्वतः जावं, या नियमाचं उदाहरण म्हणून हा दौरा अनेक वर्षं शिकवला गेला. ते एकाही वस्तीत गेले नाहीत, एकाही गॅसपीडिताशी बोलले नाहीत, आणि २०१४ मध्ये मरेपर्यंत भारतीय न्यायालयापुढे उभे राहिले नाहीत, हे त्या उदाहरणात क्वचितच येतं.

पुढे कंपनीची भूमिका कशी सरकत गेली, ते पाहण्यासारखं आहे. सुरुवातीला सांगितलं गेलं की भोपाळ आणि वेस्ट व्हर्जिनियातल्या इन्स्टिट्यूट या गावचा कारखाना यांना सुरक्षेचे निकष एकच. मार्च १९८५ मध्ये कंपनीचा स्वतःचा तपास जाहीर झाला, तेव्हा अँडरसन म्हणाले की अशा अवस्थेत तो कारखाना चालायलाच नको होता आणि जबाबदारी भारतीय उपकंपनीची. ऑगस्टमध्ये इन्स्टिट्यूटमध्येच वायुगळती होऊन शंभरावर लोकांना उपचार घ्यावे लागले आणि आधीचं आश्वासन फोल ठरलं. मधल्या काळात शीख अतिरेक्यांकडे बोट दाखवून झालं. मग नाराज कामगाराने मुद्दाम पाणी सोडलं, ही घातपाताची कथा आली आणि १९८८ मध्ये आर्थर डी. लिटल या सल्लागार संस्थेच्या अहवालाने तिला तांत्रिक भाषा दिली. आजही कंपनीची भूमिका तीच आहे. फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरमध्ये तडजोड झाली आणि न्यूयॉर्कच्या बाजारात कंपनीचा भाग वधारला. भागधारक, विमा कंपन्या आणि अमेरिकन न्यायालयं हेच श्रोते मानले, तर ही मोहीम यशस्वी म्हणावी लागेल. साडेपाच लाखांहून अधिक गॅसपीडित त्या श्रोत्यांत कधी मोजलेच गेले नाहीत.

या भाषेचा एक नमुना जवळून पाहू. गॅसपीडितांसाठीचं भोपाळ मेमोरियल रुग्णालय आपल्या शेअरविक्रीच्या पैशांतून उभं राहिलं, असं युनियन कार्बाइड सांगते. वाक्यात खोटं काही नाही. पण अँडरसन आणि कंपनी फौजदारी खटल्यात हजर होत नाहीत, म्हणून भोपाळच्या न्यायालयाने १९९२ मध्ये तिच्या भारतातल्या मालमत्तेवर जप्ती आणली होती. जप्त केलेले तेच शेअर १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने विकले गेले आणि ती रक्कम रुग्णालयाकडे वळवण्यात आली. ही दोन वर्षं गाळली की फरारी आरोपीच्या जप्त मालाचं दान होतं. वाक्य खरं ठेवून अर्थ फिरवण्याची ही हातोटी आज आपल्याकडच्या कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत आणि पुढाऱ्यांच्या निवेदनांत सर्रास दिसते. तिला कौशल्य म्हणून शाबासकी मिळते, याचं मला दुःख वाटतं.

सरकारचं काय? १६ डिसेंबर १९८४ ला कारखान्यात उरलेला वायू कीटकनाशक बनवून संपवण्याची मोहीम सुरू झाली. तिला ‘ऑपरेशन फेथ’ असं नाव देण्यात आलं. हेलिकॉप्टरमधून पाण्याचे फवारे मारले गेले, कारखान्याच्या कुंपणावर ओली तरटं टांगली गेली. मुख्यमंत्री अर्जुन सिंह स्वतः कारखान्यात जाऊन बसले आणि काळजीचं कारण नाही, असं सांगत राहिले. त्याच वेळी शाळा बंद होत्या आणि शहरात छावण्या उभ्या राहत होत्या. लोकांनी शब्दांवर नव्हे, छावण्यांवर विश्वास ठेवला आणि मिळेल त्या गाडीने लाखोंच्या संख्येने भोपाळ सोडलं. तांत्रिकदृष्ट्या मोहीम निर्धोक पार पडली. अर्जुन सिंह यांनी स्वतः तिथे बसणं हे अँडरसन यांच्या दौऱ्यापेक्षा कितीतरी खरं होतं. पण दोन आठवड्यांपूर्वी भोंगा बंद करणाऱ्या कारखान्याबद्दलचा अविश्वास नुसत्या उपस्थितीने जाणार नव्हता.

उलट बाजूने पाहिलं, तर भोपाळमध्ये संवादाची सर्वांत टिकाऊ परंपरा उभी केली ती गॅसपीडितांनीच. अब्दुल जब्बार यांची गॅसपीडित महिला उद्योग संघटना दर शनिवारी यादगार-ए-शाहजहानी पार्कात सभा भरवायची. दाव्याचे कागद, पेन्शन, औषधं, पुढची तारीख, सगळं तिथे तोंडी समजावलं जायचं. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायका तिथून खटल्याची स्थिती पाठ करून जायच्या. २०१९ मध्ये जब्बार गेले, तोवर ही सभा दशकानुदशकं चालली. युनियन कार्बाइड विकत घेतलेल्या डाऊ केमिकलविरुद्ध रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला यांनी ‘झाडू मारो डाऊ को’ मोहीम उभारली, तेव्हा कुठल्या एजन्सीचा सल्ला घेतला नव्हता. २००४ मध्ये त्या दोघींना गोल्डमन पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ३ डिसेंबरला ‘यस मेन’ या गटातला एक कार्यकर्ता बीबीसीवर डाऊचा प्रवक्ता म्हणून बोलला आणि कंपनी सगळी जबाबदारी घेऊन १२ अब्ज डॉलर देत असल्याचं त्याने जाहीर केलं. खुलासा होईपर्यंत डाऊचा भाग घसरला. पीडितांच्या मनात काही तास खोटी आशा जागवणं मला क्रूर वाटतं. तरी आम्ही असं काही करणार नाही, हे डाऊला जगापुढे स्वतः सांगावं लागलं, हेही खरं.

आजचा भारतीय व्यवसाय दिसायला फार पुढे गेला आहे. १९९० नंतर मोठ्या एजन्सी आल्या, २००५ मध्ये खुद्द बर्सन-मार्स्टेलरने जेनेसिस ही भारतीय संस्था घेतली. प्रवक्त्यांना कॅमेऱ्यापुढे बसवून तालीम दिली जाते, समाजमाध्यमांवर चोवीस तास पहारा असतो. पण पाया तपासला की जुनेच तडे दिसतात. दाभोळच्या वीजप्रकल्पात एन्रॉनने भारतीयांच्या ‘शिक्षणा’वर आणि प्रकल्पाच्या तयारीवर सुमारे २ कोटी डॉलर खर्च झाल्याचं १९९५ मध्ये अमेरिकन संसदेच्या समितीपुढे सांगितलं; गुहागर तालुक्यातल्या गावकऱ्यांशी बरोबरीने बोलायला तो पैसा उपयोगी पडला नाही आणि महाराष्ट्रात तेच विधान कंपनीच्या अंगलट आलं. २०१० मध्ये जनसंपर्क सल्लागार नीरा राडिया यांच्या ध्वनिफिती बाहेर आल्या आणि सल्लागार, मंत्रिपदं आणि संपादक किती जवळ बसतात ते देशाने ऐकलं. २०१५ मध्ये मॅगीवर बंदी आली, तेव्हा नेस्ले पहिले काही आठवडे प्रयोगशाळेच्या भाषेत बोलत राहिली. मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द केल्यावर कुठे ती ग्राहकाशी ग्राहकाच्या भाषेत बोलू लागली. या तिन्ही ठिकाणी हुशारी कमी नव्हती. ज्याच्या ताटात, शेतात किंवा श्वासात प्रश्न शिरला आहे, त्याच्याशी आधी बोलायचं, हा क्रम मात्र कुठेच दिसला नाही.

अगदी अलीकडचा प्रसंगही भोपाळचाच. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ जानेवारी २०२५ च्या रात्री कार्बाइडच्या आवारातला ३३७ टन विषारी कचरा बारा कंटेनरमध्ये भरून जाळण्यासाठी पीथमपूरला नेण्यात आला. वाहतूक चोख होती: बंद कंटेनर, पोलिसांचा ताफा, मोकळा केलेला रस्ता. मात्र पीथमपूरच्या लोकांना विश्वासात घेण्याआधीच गाड्या निघाल्या. ३ जानेवारीला बंद झाला आणि आंदोलनात दोघांनी स्वतःला पेटवून घेतलं. त्यानंतर सरकार न्यायालयाकडे वेळ मागायला गेलं, जनजागृती आणि संवाद सुरू झाला, आधी दहा-दहा टनांच्या तीन चाचण्या झाल्या आणि जूनअखेर उरलेला कचरा जाळून संपला. जे जानेवारीनंतर केलं, ते आधीच्या डिसेंबरात करायला कुणाची हरकत नव्हती. चाळीस वर्षांचा अनुभव गाठीशी असलेल्या राज्याच्या जनसंपर्क यंत्रणेने हा क्रम चुकवावा, ही या कलेच्या आजच्या अवस्थेची सर्वांत काळजी वाटावी अशी खूण आहे.

कचरा जळाला तरी त्याची राख उरली आणि ती पुरायची कुठे, यावर न्यायालयात पुन्हा वाद सुरू झाला. भोपाळमध्ये कारखान्याभोवतीची माती आणि भूजल अजून साफ व्हायचं आहे. दोन्ही ठिकाणी तपासणीचे आकडे, त्यांतला पारा आणि बाकी धातू, सोप्या हिंदीत छापून घराघरांत द्यायला हवेत. सभा कामगारांच्या पाळ्या सांभाळून भरवायला हव्यात. आणि प्रश्न विचारणाऱ्याचं नाव-गाव लिहून घेऊन त्याला ठरलेल्या तारखेला लेखी उत्तर मिळायला हवं. जब्बार यांच्या शनिवारच्या सभेत हे सगळं चटईवर बसून होत होतं. जनसंपर्काच्या विभागांनी आपले विद्यार्थी एका सत्रासाठी तिथल्या जुन्या कार्यकर्त्या बायकांकडे शिकायला पाठवावेत. त्यातल्या अनेकजणी आता सत्तरीच्या पुढे आहेत.