मागे सरकवलेले युद्ध : जेम्स हेरिअटच्या स्मृतिलेखनातील कालव्यवस्था

जेम्स हेरिअट या नावाने प्रसिद्ध झालेल्या पशुवैद्यकीय आठवणींचा गंभीर समीक्षेने फारसा विचार केलेला नाही. लोकप्रियता हे त्याचे एक कारण आहे. दुसरे कारण असे की, या लेखनाचे वर्गीकरण आधीच उरकलेले असते. यॉर्कशरची टेकाडे, दगडी गोठे, मितभाषी शेतकरी आणि मध्यरात्री अडलेल्या गाईसाठी धावणारा तरुण डॉक्टर एवढी सामग्री दिसली की 'स्मरणरंजन' हा शब्द उच्चारून समीक्षक पुढे जातो. आपल्याकडेही ग्रामीण साहित्याच्या चर्चेत हा शब्द बहुधा आरोपासारखाच वापरला गेला. प्रस्तुत लेखात हा आरोप नाकारण्याचा हेतू नाही. या लेखनात रंजन आहे आणि ते पुष्कळ आहे. परंतु येथे स्मरण नेमके कशाचे आहे, हा प्रश्न विचारला की वरवर सरळ वाटणारी ही संहिता गुंतागुंतीची होऊ लागते. ग्रामीण पशुवैद्याचे युद्धकालीन आयुष्य हा तिचा खरा विषय आहे आणि हाच विषय तिने आपल्या कालरचनेत दडवलेला आहे, असे माझे प्रतिपादन आहे.

प्रथम संहितेबाहेरील वस्तुस्थिती पाहू. लेखकाचे खरे नाव जेम्स आल्फ्रेड वाइट. त्याचा जन्म १९१६ मध्ये संडरलंड येथे झाला, बालपण आणि शिक्षण ग्लासगोत झाले. डिसेंबर १९३९ मध्ये, म्हणजे दुसरे महायुद्ध सुरू झाल्यानंतर, तो ग्लासगोच्या पशुवैद्यक महाविद्यालयातून पदवीधर झाला. काही महिने संडरलंडमध्ये काम करून जुलै १९४० मध्ये तो थर्स्क येथे डोनाल्ड सिंक्लेअर यांच्या दवाखान्यात रुजू झाला. सिंक्लेअर हवाई दलात जाणार होते आणि त्यांच्या पश्चात दवाखाना चालवणारा माणूस त्यांना हवा होता. वय चुकीचे सांगितल्याचे उघड झाल्यावर काही महिन्यांतच सिंक्लेअर यांना परत पाठवण्यात आले, पण वाइट तेथेच राहिला. नोव्हेंबर १९४१ मध्ये त्याचे लग्न झाले, नोव्हेंबर १९४२ मध्ये तो स्वतः हवाई दलात दाखल झाला आणि एका वर्षात लढाईविना परतला.

आता संहितेतील वस्तुस्थिती. १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इफ ओन्ली दे कुड टॉक' या पहिल्या पुस्तकाचा निवेदक १९३७ मध्ये डॅरोबी या काल्पनिक गावी पोहोचतो. तो येतो तो बेकारीमुळे. पशुवैद्यांना काम मिळत नाही असा तो काळ आहे. त्याचे प्रेम, त्याचे लग्न, गाईंच्या क्षयचाचण्या करीत घालवलेला मधुचंद्र, हे सारे युद्धापूर्वी घडते. युद्ध येते ते या शांत जीवनाचा शेवट म्हणून.

या दोन दिनदर्शिका शेजारी ठेवल्या की एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. संहितेत जो 'युद्धपूर्व' काळ आहे त्या काळात लेखक यॉर्कशरमध्ये नव्हताच. १९३७ मध्ये तो ग्लासगोत विद्यार्थी होता. ज्याला वाचक युद्धाने हिरावून घेतलेले जग समजतो, ते लेखकाला युद्धाने दिलेले जग होते. नोकरी युद्धामुळे मिळाली. क्षयचाचणीचा मधुचंद्र खरोखर घडला, पण १९४१ मध्ये. काही प्रसंगांचे मूळ तर युद्धानंतरच्या दशकांतील व्यवसायात आहे. म्हणजे अलीकडचे आणि पलीकडचे असे दोन्ही अनुभव उचलून १९३९ च्या पाठीमागे नेऊन ठेवलेले आहेत.

हे केवळ चरित्रकारांनी पकडलेले असत्य मानले तर विषय तेथेच संपतो. लेखकाच्या मृत्यूनंतर, १९९५ पुढच्या काही वर्षांत, अशा पकडापकडीला बराच उत आला होता. माझ्या मते समीक्षेच्या दृष्टीने तो प्रकार वांझ आहे. आत्मचरित्रात तारीख चुकली की ते खोटे ठरते, ही समजूत न्यायालयात ठीक आहे. तारीख सरकल्यामुळे संहितेत काय शक्य झाले आणि काय अशक्य झाले, हा समीक्षेचा प्रश्न होय.

रेमंड विल्यम्स यांनी 'द कंट्री अँड द सिटी' (१९७३) या ग्रंथात ग्रामीण सुवर्णयुगाच्या कल्पनेविषयी सरकत्या जिन्याची प्रतिमा वापरली आहे. प्रत्येक पिढी म्हणते की खरे खेडे आत्ताच, आपल्या बालपणाबरोबर, संपले. त्या बालपणात जाऊन पाहावे तर तेथील माणसे त्याच्याही मागे बोट दाखवतात. हेरिअटच्या बाबतीत हा जिना आणखी एक पायरी घेतो. येथे हरवलेले खेडे लेखकाच्या बालपणातले नाही, कारण तो शहरात वाढलेला आहे. ते त्याच्या तारुण्यातले आहे आणि ते तारुण्य युद्धात गेलेले आहे. सुवर्णयुग मागे ढकलायचे तर युद्धही त्याच्यापासून वेगळे काढावे लागते. लेखकाने हे काम अत्यंत सोप्या उपायाने केले. त्याने तीन वर्षे वजा केली.

स्थळाच्या बाबतीतही असेच घडले आहे. थर्स्क सपाट प्रदेशात आहे. डोंगरदऱ्यांचा मुलूख त्याच्या पश्चिमेला आहे आणि लेखक तेथे लेबर्नच्या परिसरात चाचण्यांसाठी जात असे. डॅरोबी या गावात ही निरनिराळी ठिकाणे मिसळलेली आहेत. स्थळाची सरमिसळ वाचकाला खटकत नाही, काळाची मात्र खटकते. या फरकाचे कारण स्मृतिलेखनाकडून आपण बाळगलेल्या अपेक्षेत शोधावे लागेल.

फिलिप लेज्यून यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या 'आत्मचरित्रात्मक करारा'चा येथे उपयोग होतो. लेखक, निवेदक आणि मुख्य पात्र ही तिन्ही एकाच नावाची असतील तर वाचकाशी आत्मचरित्राचा करार झाला, असे ते मानतात. टोपणनावाने हा करार मोडत नाही, कारण टोपणनाव हेही लेखकाचेच नाव. या कसोटीवर हेरिअटची पुस्तके तंतोतंत उतरतात. मुखपृष्ठावर हेरिअट, निवेदक हेरिअट, गोठ्यात गुडघे टेकून बसलेलाही हेरिअट. पण या नावाचा पशुवैद्य कोणत्याही नोंदवहीत नाही. पशुवैद्यांनी स्वतःची जाहिरात करू नये या व्यवसायाच्या नियमामुळे वाइटने एका फुटबॉल गोलरक्षकाचे नाव उचलले. म्हणजे करार पूर्णपणे पाळला जातो, आणि ज्याच्याशी तो होतो ती व्यक्ती मात्र त्या व्यवसायाच्या शिस्तीतूनच निर्माण झालेली असते. व्यवसायनिष्ठेतून आलेल्या या नावाने लेखकाला सवलत दिली: हेरिअटची दिनदर्शिका वाइटच्या दिनदर्शिकेला बांधील राहिली नाही.

या कालव्यवस्थेचे सर्वांत महत्त्वाचे रूप 'व्हेट्स माइट फ्लाय' (१९७६) आणि 'व्हेट इन अ स्पिन' (१९७७) या दोन पुस्तकांत दिसते. अमेरिकेत ही दोन्ही 'ऑल थिंग्ज वाइज अँड वंडरफुल' या एका ग्रंथात एकत्र आली. हीच हेरिअटची युद्धकथा, आणि घाटाच्या दृष्टीने त्याच्या साऱ्या लेखनातला सर्वांत विचारात घेण्याजोगा भाग. निवेदक हवाई दलात शिकाऊ सैनिक आहे. लंडनच्या रस्त्यांवर कवायतीत धावताना, दलाच्या दंतवैद्याच्या खुर्चीत, स्कार्बरोच्या समुद्रवाऱ्यात, टायगर मॉथ विमानाच्या उघड्या आसनावर त्याला काहीतरी जाणवते, एखादा आवाज, एखादी कळ, एखाद्या माणसाची लकब, आणि तेवढ्या निमित्ताने निवेदन डॅरोबीकडे वळते. मग पानेच्या पाने एखादी गाय, एखादा कुत्रा, एखादा हेकट शेतकरी. छावणी ही चौकट आणि गोठा हे चित्र, अशी ही मांडणी.

चौकट नेहमी लहान असते. पुष्कळदा ती परिच्छेद-दोन परिच्छेदांत आटोपते आणि अधूनमधून निमित्त ओढूनताणून आणल्यासारखे वाटते, हेही मान्य केले पाहिजे. तंत्राची ही यांत्रिकता हा या पुस्तकांचा दोष आहे. तरीही या तंत्रातून जे घडते ते साधे नाही. युद्धात असलेला सैनिक युद्धापूर्वीच्या घराची आठवण काढतो, ही युद्धसाहित्यातील रूढ रीत. पॉल फसेल यांनी 'द ग्रेट वॉर अँड मॉडर्न मेमरी' (१९७५) मध्ये पहिल्या महायुद्धाच्या इंग्रजी लेखनात ग्रामजीवनाची चित्रे खंदकाच्या विरोधात कशी उभी केली गेली हे दाखवले आहे. हेरिअट ती रीत स्वीकारतो. परंतु त्याचा सैनिक ज्या घराची आठवण काढतो ते घरही युद्धकाळातलेच होते. चौकट आणि चित्र यांत संहिता जो विरोध कल्पिते तो प्रत्यक्षात एकाच काळाचा दुभंग आहे. एकच युद्ध दोन तुकड्यांत मोडले गेले. एका तुकड्याला गणवेश दिला, दुसऱ्याला शांतता दिली.

हा दुभंग कशासाठी? मानसशास्त्रीय तर्क करण्याचा मोह मी टाळतो. संहितेतच पुरेसा पुरावा आहे. पशुवैद्यकी हा ब्रिटनमध्ये युद्धकाळात राखीव व्यवसाय होता. अन्नोत्पादनासाठी पशुवैद्य गावात राहणे राष्ट्राला आवश्यक वाटत होते. वाइट आपण होऊन हवाई दलात गेला. जेथे त्याची गरज होती तेथून निघून तो जेथे गेला तेथे तो कधीच उपयोगी पडला नाही. त्याने एकट्याने विमान उडवले, आणि मग शस्त्रक्रियेमुळे तो उड्डाणास अपात्र ठरला. ही कहाणी वीरकथा होऊ शकत नाही. ती शोककथाही होत नाही, कारण नायक सुखरूप घरी येतो. उरते ती निरुपयोगीपणाची जाणीव. हेरिअट ती विनोदात बुडवतो, पण छावणीतल्या प्रत्येक प्रसंगाला तिचा वास आहे. आयुष्यभर दुसऱ्यांची शरीरे तपासणारा येथे स्वतः तपासला जातो, टोचला जातो, कापला जातो.

म्हणूनच मला श्रॉपशरमधील शेताचा प्रसंग या साऱ्या लेखनाचा मर्मबिंदू वाटतो. शिकाऊ सैनिकांना तेथे सुगीच्या मदतीला धाडलेले असते. निवेदक हा शेतकऱ्याच्या लेखी हवाई दलाचा एक अडाणी पोरगा. गोठ्यात जनावर अडते आणि हा पोरगा बाह्या सरसावून हात आत घालतो. हेरिअटच्या लेखनात विण्याचे प्रसंग डझनांनी आहेत आणि त्यांतील कित्येक एकमेकांच्या प्रती वाटतात. हा मात्र निराळा आहे. येथे प्रथमच चौकट आणि चित्र एकत्र येतात. आठवणीत जाण्यासाठी निमित्त लागत नाही, कारण आठवण हातातच आहे. गणवेश एक ओळख सांगतो, हात दुसरी सांगतो, आणि काम हातच करतो. संहितेने दोन तुकड्यांत वाटलेला काळ एवढ्या एका ठिकाणी सांधला जातो. शेतकऱ्याचे आश्चर्य हे वाचकासाठी विनोदाचे साधन आहे. निवेदकासाठी मात्र त्या छावणीतल्या वर्षात आपण कोणीतरी आहोत याची ती खूण आहे.

या रचनेची किंमतही मोजली पाहिजे. तीन वर्षे मागे सरकवल्यामुळे युद्धकालीन ग्रामीण जीवनाचा एक मोठा भाग लिहिण्यावाचून राहिला. मे १९३९ मध्ये ब्रिटिश सरकारने कुरणे नांगरण्यासाठी एकरी दोन पौंड अनुदान जाहीर केले. युद्ध सुरू झाल्यावर जिल्ह्याजिल्ह्यांत स्थापन झालेल्या युद्धकालीन कृषिसमित्यांना शेतकऱ्याने काय पिकवावे हे ठरवण्याचे अधिकार मिळाले. गवताखालची जमीन धान्याखाली गेली, ट्रॅक्टरांची संख्या झपाट्याने वाढली. पेट्रोल शिधापत्रिकेवर आले, आणि गोठ्यागोठ्यांत मोटारीने फिरणाऱ्या डॉक्टरसाठी ही लहान बाब नव्हती. हेरिअटच्या पानांवर मागे पडत चाललेला कामाचा घोडा आणि जुन्या औषधांच्या काचेच्या बरण्या यांविषयी हळहळ पुष्कळ आहे. सल्फाच्या औषधांचे आणि पुढे पेनिसिलिनचे आगमन तो उत्तम टिपतो. परंतु या बदलाला गती देणारी शक्ती युद्ध होती, हे त्याच्या कालक्रमात दिसत नाही. घोडा जातो तो काळाच्या ओघात, जसा ऋतू जातो तसा. इतिहासाचे रूपांतर हवामानात झालेले आहे. स्मरणरंजनाचा आरोप जेथे खरोखर लागू पडतो ती जागा ही आहे.

दुसरे एक मौन अधिक जड आहे. सप्टेंबर १९३९ च्या पहिल्या आठवड्यात एकट्या लंडनमध्ये सुमारे ४ लाख पाळीव कुत्री आणि मांजरे त्यांच्या मालकांच्याच इच्छेने मारण्यात आली. बाँबहल्ल्याच्या आणि अन्नटंचाईच्या भीतीने लोकांनी ती पशुवैद्यांकडे आणि प्राणिदया संस्थांच्या दारात नेली. हिल्डा कीन यांनी २०१७ मध्ये या घटनेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, तोवर ती सार्वजनिक स्मृतीतून जवळजवळ पुसली गेली होती. हे शहरात घडले आणि वाइट तेव्हा विद्यार्थी होता, तेव्हा त्याने याविषयी लिहायला हवे होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण युद्ध आणि प्राणी यांच्या संबंधाची जी प्रेमळ प्रतिमा ब्रिटिश वाचकाने १९७० नंतर या पुस्तकांतून आनंदाने स्वीकारली, तिच्या स्वागतामागे हे विस्मरणही उभे आहे. पुस्तकाचे मौन आणि वाचकाचे मौन येथे परस्परांना पूरक ठरले.

भारताशी जोडलेला एक धागाही असाच सुटून गेला. ट्रिस्टन या खोडकर पात्राचे मूळ असलेले ब्रायन सिंक्लेअर युद्धकाळात सैन्याच्या पशुवैद्यक दलातून भारतात होते. वसाहतीतील सैन्याची जनावरे सांभाळणारा हा तरुण डॉक्टर हा स्वतंत्र पुस्तकाचा विषय झाला असता. डॅरोबीच्या जगात ट्रिस्टन कायम मद्यशाळा आणि परीक्षा यांच्या दरम्यान घुटमळतो, आणि त्याचे हे चिरतारुण्य कालक्रम मागे सरकवल्यामुळेच सुरक्षित राहिले.

१९८१ च्या 'द लॉर्ड गॉड मेड देम ऑल'मध्ये लेखक हेच चौकटीचे तंत्र पुन्हा वापरतो. यावेळी चौकट प्रवासाची आहे. १९६१ मध्ये मेंढ्यांबरोबर जहाजाने सोव्हिएत संघातील क्लायपेडा बंदरापर्यंत, आणि १९६३ मध्ये जर्सी गाईंबरोबर विमानाने इस्तंबूलपर्यंत. दैनंदिनीसारखी नोंद असल्याने येथे तारखा नेमक्या आहेत, त्यांना कोठे सरकवलेले नाही. आणि इस्तंबूलला जाणाऱ्या त्या जुनाट मालवाहू विमानाच्या इंजिनात बिघाड होतो तेव्हा, हवाई दलाने जमिनीवर उतरवलेला हा माणूस, वीस वर्षांनी, गाईंच्या संगतीत, आकाशातील खऱ्याखुऱ्या धोक्याजवळ पोहोचलेला असतो.