अवघडपणाचे मोल
(अमेरिकेतील ड्रम कोअर स्पर्धा आणि परीक्षकाचा न्याय)

कलेची स्पर्धा भरवावी की भरवू नये हा वाद जुना आहे आणि तो लवकर मिटेल असे दिसत नाही. परंतु स्पर्धा भरवावयाची असे एकदा ठरले, की परीक्षक आला. परीक्षक आला, की गुण आले. आणि गुण आले, की ते कशाबद्दल दिले हे सांगण्याचे उत्तरदायित्व आले. ह्यांपैकी पहिल्या दोन गोष्टींचा आपल्याकडे तुटवडा नाही. तिसरीची मात्र बहुतेक ठिकाणी वानवाच असते. म्हणूनच ज्या एका स्पर्धेत गुणांकनाचा विचार अर्धशतकाहून अधिक काळ कसून होत आला आहे, आणि तरीही जेथे वाद शमलेला नाही, तिच्याकडे वाचकांचे लक्ष वेधावे असे आम्हांस वाटते. ही स्पर्धा अमेरिकेतील ड्रम कोअर पथकांची.

ड्रम कोअर म्हणजे पितळी सुषिर वाद्ये, ढोल आणि ध्वजपथक ह्यांचा मैदानावर संचलन करीत वाजविणारा समूह. बासरी, क्लॅरिनेट ह्यांस येथे स्थान नाही. दीडशेच्या आसपास तरुणतरुणी फुटबॉलच्या मैदानावर दहा-बारा मिनिटांचा एक सलग प्रयोग करतात. त्यात वादन, कवाईत, नृत्य आणि नाट्य एकत्र गुंफलेले असते. प्रमुख गटात साधारणतः एकविसाव्या वर्षापर्यंतच प्रवेश मिळतो. ही मुले स्वतः शुल्क भरतात, उन्हाळाभर बसमधून गावोगाव फिरतात, शाळांच्या व्यायामशाळांतील जमिनीवर निजतात आणि दिवसाचे दहा-बारा तास सराव करतात. ऑगस्टमध्ये अंतिम फेरी होते. एकविसावे वर्ष सरले, की दुसरी संधी नाही. परीक्षकाच्या लेखणीत किती भार असतो हे ध्यानात यावे म्हणून एवढे सांगितले.

ह्या पथकांचे मूळ लष्करी. पहिल्या महायुद्धानंतर निवृत्त सैनिकांच्या संघटनांनी ती पोसली, आणि नियमही त्यांचेच चालत. ह्या नियमांस कंटाळून पथकांच्या चालकांनी १९७१ मध्ये आपली स्वतंत्र संस्था उभारण्याचे ठरविले. 'ड्रम कोअर इंटरनॅशनल' ह्या नावाने तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा १९७२ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील व्हाइटवॉटर येथे झाली आणि कॅलिफोर्नियाचे ॲनाहाइम किंग्जमेन हे पथक विजयी ठरले. तेव्हापासून नियम बदलण्याचा अधिकार पथकांच्या प्रतिनिधींकडेच आहे. पक्षकारांनीच कायदा करावा अशी ही व्यवस्था. तिचे गुण आणि तिचे धोके दोन्ही पुढील इतिहासात दिसतात.

जुन्या पद्धतीत परीक्षक हातात तक्ता आणि पेन्सिल घेऊन वादकांच्या रांगांमधून हिंडे. कोणाची काठी चुकली, कोणाचे पाऊल ओळीबाहेर पडले, की तक्त्यावर एक खूण. आणि प्रत्येक खुणेस एक दशांश गुण वजा. ह्या पद्धतीची टवाळी करणे आज सोपे आहे. परंतु तिच्यात एक गोष्ट निर्विवाद होती : निकालाचे कारण मोजता येई. गुण का गेले, ह्या प्रश्नाला उत्तर होते. न्यायदानात हे थोडे नव्हे.

मात्र तिचा दोष गुणाहून मोठा होता. चूक मोजणारा कायदा धाडसाला दंड करतो. एका पथकाने सोपे बोल बिनचूक वाजविले आणि दुसऱ्याने दुप्पट कठीण बोल वाजवून चार ठिकाणी ठेच खाल्ली, तर पहिल्याचे वजा गुण कमी. दुसऱ्याने जे साधले त्याची नोंद करण्यास त्या तक्त्यावर जागाच पुरेशी नव्हती. शिवाय एका परीक्षकाचा कान तीक्ष्ण आणि दुसऱ्याचा सैल असला, तर खुणांचा आकडा पथकापेक्षा परीक्षकाचेच वर्णन अधिक करी. वस्तुनिष्ठतेचा तो देखावा होता असे म्हणणे कठोर होईल. पण ती वस्तुनिष्ठता अपुरी होती एवढे खास.

१९८४ पासून ही वजाबाकी गेली आणि बेरीज आली. पथकाने काय सादर केले आणि कसे सादर केले, ह्या दोन्हींबद्दल परीक्षक गुण देऊ लागला. येथे एक मौजेची गोष्ट नमूद केली पाहिजे. वजाबाकीच्या शेवटच्या वर्षी, १९८३ मध्ये, न्यू जर्सीच्या गार्फील्ड कॅडेट्स ह्या पथकाने अजिंक्यपद मिळविले, आणि बेरजेच्या पहिल्या दोन्ही वर्षी तेच पथक पुन्हा पहिले आले. १९८४ मध्ये त्यांनी बर्नस्टाइनच्या 'वेस्ट साइड स्टोरी'तील संगीत घेतले होते. जॉर्ज झिंगाली ह्यांनी त्यांच्यासाठी रचलेली कवाईत सरळ रांगा आणि समांगता मोडून वेगाने वळणारी, वितळून पुन्हा घडणारी होती. म्हणजे कायदा बदलला तरी श्रेष्ठ ते श्रेष्ठच राहिले. परंतु आमच्या मते बदलाचा खरा परिणाम पहिल्या पथकावर होतच नाही. तो होतो पाचव्या आणि दहाव्या पथकावर. कारण धाडस करावे की न करावे, हा विचार त्यांच्या दारी रोज उभा असतो.

सध्याची विभागणी अशी. शंभरांपैकी चाळीस गुण 'समग्र परिणामा'स. तीस गुण दृश्य अंगास. त्यात संचलनाची सफाई, रचनेचे विश्लेषण आणि ध्वजपथक हे तीन भाग. उरलेले तीस संगीतास. त्यात पितळी वाद्ये, संगीताचे विश्लेषण आणि तालवाद्ये हे तीन. प्रत्येक भागात पुन्हा दोन कप्पे, एक आशयाचा व एक सिद्धीचा. दृश्याचे आणि संगीताचे तिन्ही भाग प्रत्येकी वीस गुणांचे असून त्यांची बेरीज अर्धी केली जाते. म्हणजे ज्या स्पर्धेच्या नावातच ड्रम आहे, तीत ड्रमच्या स्वतंत्र परीक्षकाच्या हाती शंभरांतील दहाच गुण उरतात. विश्लेषणात आणि परिणामात ढोलांचा वाटा धरला जातो हे मान्य. तरीही हा आकडा बोलका आहे.

आता अवघडपणाचा प्रश्न घेऊ. अवघडपणा दोन जातींचा असतो : दिसणारा आणि न दिसणारा. काठी हवेत फेकून झेलणे, मैदान धावत ओलांडणे हा दिसणारा. त्याला टाळ्या मिळतात. न दिसणारा निराळाच असतो. पाच मोठे ढोल पाच जणांच्या गळ्यात असतात आणि द्रुत लयीतील एकच बोलपंक्ती पाच जणांत वाटलेली असते. प्रत्येकाच्या वाट्याला मध्येच एखादा आघात. तबलजीने एका हाताने घ्यावयाची तिहाई पाच माणसांत फोडून द्यावी आणि ऐकणाऱ्यास ती एकाच हातची वाटावी, तसा हा प्रकार. ज्या दिवशी ती उत्तम साधते त्या दिवशी श्रोत्याला तिच्यात काही विशेष आहे असे वाटतसुद्धा नाही.

याहून सूक्ष्म अडचण मैदानाची. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मैदानाच्या मागील बाजूचा वादक पुढील वादकापासून ५० मीटर दूर असेल, तर त्याचा आवाज पुढे पोहोचण्यास सेकंदाचा सातवा हिस्सा लागतो. मिनिटाला १८० मात्रांच्या लयीत एक मात्रा सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याची. अर्थात हे अंतर जवळजवळ अर्ध्या मात्रेचे झाले. दोघांनी आपापल्या कानांवर विसंबून वाजविले, तर सभागृहात ते बेताल ठरतील. म्हणून कोणी संचालकाच्या हाताकडे पाहून वाजवावयाचे आणि कोणी मागून येणारा आवाज ऐकून त्यावर आपला आघात बसवावयाचा, हे आधी ठरवावे लागते. आणि मैदानावरील आकृती दर काही क्षणांनी बदलत असल्याने हे ठरविणेही दर क्षणी बदलते. लयभास्कर खाप्रूमाम पर्वतकरांचे नाव ज्या भूमीत आदराने घेतले जाते, तेथील वाचकांस लयीतील अवघडपणाचे अप्रूप सांगावयास नको. तो अवघडपणा जाणत्यालाच कळे. परीक्षकाची नेमणूक होते ती ह्यासाठीच. जे सर्वांना दिसते ते पाहावयास परीक्षक कशाला हवा?

पण केवळ अवघड आहे म्हणून गुण द्यावेत काय? आमचे उत्तर नकारार्थी आहे. अवघडपणा हे कर्ज आहे. फेडले तर पत वाढते, न फेडले तर दिवाळे निघते. न पेलणारे बोल लिहून देणारा रचनाकार शिष्यांच्या नावावर कर्ज काढीत असतो. सध्याच्या नियमांत आशय आणि सिद्धी हे कप्पे वेगळे असले, तरी जो आशय सिद्धच झाला नाही त्याला मोल देऊ नये हे तत्त्व त्यांत अभिप्रेत आहे, आणि ते योग्य आहे. उलट ज्या अवघड जागेमुळे संगीताचा अर्थ पुढे सरकत नाही, ती साधली तरी कसरतच. गवयाने समेवर येण्यापूर्वी घेतलेली वक्र तान रागाला उजळीत असेल तरच ती तान.

खरा पेच आहे तो चाळीस गुणांच्या 'समग्र परिणामा'त. परिणाम कोणाचा? गेल्या काही दशकांत वाद्यांचे नियम सैल होत गेले. जुने बिगुल बाजूस सारून २००० मध्ये कोणत्याही स्वराची पितळी वाद्ये वापरण्याची मुभा मिळाली. २००४ मध्ये ध्वनिवर्धक आले. २००९ मध्ये विद्युत्-वाद्ये आली. त्यामागोमाग भव्य नेपथ्य, वेषभूषा आणि ध्वनिसंयोजनाचे तंत्र आले. हे सारे योजणारे लोक व्यावसायिक, मेहनताना घेणारे. मैदानावर उभी असतात ती शुल्क भरणारी मुले. विद्युत्-वाद्याच्या खर्जाने सारे मैदान हादरले आणि परीक्षक भारावला, तर तो गुण कोणाच्या फुप्फुसांचा? आमच्या व्यवसायात अशिलाच्या बाजूने निकाल लागतो तो वकिलाच्या वेषामुळे लागू नये, पुराव्यामुळे लागावा अशी अपेक्षा असते. येथे वकिलाचा युक्तिवाद आणि अशिलाचा पुरावा एकाच तागडीत घातला जातो.

ह्यावर पूर्वपक्ष असा येईल की रचना आणि सादरीकरण वेगळे करताच येत नाही. सोप्या रचनेत वादकाचे सामर्थ्य दिसतच नाही; उत्तम रचना ही त्या सामर्थ्याला मिळालेली संधी आहे; शिवाय प्रेक्षक संपूर्ण प्रयोग पाहतो, त्याचे तुकडे पाहत नाही. हा आक्षेप वजनदार आहे आणि तो आम्ही अर्धा मान्य करतो. अनुभव अखंड असतो. पण पारितोषिक अखंड असलेच पाहिजे असे नाही. आपल्या नाट्यस्पर्धांत दिग्दर्शन, नेपथ्य आणि अभिनय ह्यांना निरनिराळी पारितोषिके असतात, म्हणून नाटक कोणी तुकड्यांत पाहत नाही. ड्रम कोअरमध्येही प्रत्येक विभागाची स्वतंत्र पारितोषिके आहेत. ध्वजपथकाचे तर झिंगाली ह्यांच्याच नावाने दिले जाते. परंतु अजिंक्यपद ठरते ते एकत्रित बेरजेवर, आणि त्या बेरजेत योजकाचे कौशल्य वादकाच्या कौशल्यावर स्वार होऊ शकते. आमची सूचना एवढीच की परिणामाच्या चाळिसांपैकी रचनेचा वाटा कमी करून सादरीकरणाचा वाढवावा. योजकाला मान मिळो. पण तो मान मुलांच्या खात्यातून वळता होऊ नये.

शेवटचा मुद्दा कारणांचा. २००८ मध्ये ब्लूमिंग्टन येथील अंतिम फेरीत फँटम रेजिमेंट ह्या पथकाने 'स्पार्टाकस'ची कथा सादर केली आणि ९८.१२५ गुण मिळवून ब्लू डेव्हिल्सना मागे टाकले. त्यांचे गुण होते ९८.१००. एका गुणाचा चाळिसावा हिस्सा! एवढा फरक कोणत्याही मानवी कानाला ऐकू येत नाही. तो सरासरी आणि भागाकार ह्यांतून जन्मतो. त्यापूर्वी १९९६, १९९९ आणि २००० ह्या वर्षी बरोबरी झाली तेव्हा अजिंक्यपद दोघांत वाटले गेले. आमच्या दृष्टीने तो निकाल अधिक प्रामाणिक होता. २०१४ मध्ये ब्लू डेव्हिल्सना ९९.६५ गुण मिळाले. मापनपट्टीच्या टोकाला एवढी गर्दी झाली, की पट्टी मोजण्याचे काम सोडते आणि केवळ क्रम लावते.

परीक्षकांची टिप्पणी ध्वनिमुद्रित होते हे खरे, पण ती पथकाच्या शिक्षकांकडे जाते. लोकांपुढे येतात ते आकडे. स्पर्धेनंतर शिक्षक परीक्षकांना भेटून आपली बाजू मांडत असा प्रघातही तेथे राहिला. निकाल त्या रात्री बदलत नाही. परंतु तोच परीक्षक त्याच हंगामात तेच पथक पुन्हा तपासणार असेल, तर प्रतिपक्षाच्या गैरहजेरीत ऐकलेला हा युक्तिवाद आम्हां वकिलांच्या कानाला बरा वाटत नाही. न्याय झाला एवढ्याने भागत नाही, तो झालेला दिसला पाहिजे, हे इंग्लंडच्या न्यायालयाने १९२३ मध्ये सांगितलेले सूत्र मैदानावरही लागू आहे.

हे सारे दूरदेशीचे म्हणून वाचकांनी बाजूस ठेवू नये. भजनस्पर्धेत, शिगमोत्सवातील रोमटामेळात, गणेशोत्सवातील ढोलताशांत हाच प्रश्न आपल्या दारी उभा आहे. पाठांतर, सूर आणि ताल जिंकतो, की झगमगते कपडे आणि उंच ध्वनिक्षेपक? मंडळींनी वर्षभर मंदिराच्या मंडपात केलेली तालीम एका आकड्यात कोंबून, कारण न सांगता आपण त्यांना घरी पाठवितो. आणि पुढील वर्षी ती मंडळी पखवाज सोडून दिव्यांच्या माळा शोधू लागतात. त्यांचा दोष नाही. आपण ज्याला गुण दिले तेच त्यांनी शिकले. चूक मोजण्याची जुनी रीत अपुरी होती, परिणाम मोजण्याची नवी रीत फसवी होऊ शकते. दोहोंवर उतारा एकच. परीक्षकाने गुणांच्या शेजारी चार ओळी लिहाव्या आणि त्या सर्वांसमक्ष वाचून दाखवाव्या. त्या चार ओळी लिहिताना जो परीक्षक अडखळेल, त्याने आकडा लिहितानाही अडखळावयास हवे होते.