लिथ्युएनियन भाषा व साहित्य

इंडो-यूरोपीय भाषाकुटुंबाच्या बाल्टिक शाखेतील एक भाषा व तीतील साहित्य. या शाखेत आज लिथ्युएनियन व लॅटव्हियन याच भाषा जिवंत असून लिथ्युएनियनचे भाषक सु. ३० लाख आहेत. जुनी नामरूपे टिकवून धरल्यामुळे तौलनिक भाषाशास्त्रात तिला मोठे महत्त्व आहे. सूनुस (मुलगा), उग्निस (अग्नी), अविस (मेंढी) हे तिचे शब्द संस्कृतातील सूनु, अग्नि, अवि यांचे सगोत्र होत. मात्र केवळ प्राचीनतेचा अवशेष म्हणून तिच्याकडे पाहणे एकांगी ठरते. शेतकऱ्यांच्या बोलीपासून ग्रंथभाषेपर्यंतची तिची वाटचाल तितकीच महत्त्वाची आहे.

लिथ्युएनियाच्या जुन्या राज्याचा लेखनव्यवहार रूथेनियन, लॅटिन व पुढे पोलिश या भाषांत चाले. लिथ्युएनियनमधील पहिला मुद्रित ग्रंथ, मार्तीनास माझ्वीदासकृत ख्रिस्ती धर्माची प्रश्नोत्तरी (१५४७), राज्याबाहेर प्रशियातील केनिग्झबर्ग येथे निघाला.

प्रशियातीलच धर्मोपदेशक क्रिस्तियोनास दोनेलाइतिस (१७१४–८०) याचे मेताइ (ऋतू) हे काव्य त्याच्या मृत्यूनंतर, १८१८ मध्ये प्रसिद्ध झाले. चार ऋतूंतील वेठबिगार शेतकऱ्यांचे जीवन हा त्याचा विषय. ग्रीक-लॅटिन महाकाव्यांचे हेक्झॅमीटर हे वृत्त त्याने खतपाणी, नांगरट व कापणी यांच्या वर्णनासाठी योजिले आणि ग्रामीण शब्दकळा कोठेही सौम्य केली नाही. काव्याला सलग कथानक नाही. कवीवर उपदेशकाची मात होते, तेथे ते रेंगाळतेही. तथापि श्रमांचे व ऋतुचक्राचे इतके रोखठोक चित्रण तत्कालीन यूरोपीय काव्यात विरळाच.

१८६४ मध्ये रशियन राजवटीने लॅटिन लिपीतील लिथ्युएनियन मुद्रणावर बंदी घातली. प्रशियात छापलेली पुस्तके ‘ग्रंथवाहक’ चोरून सीमेपार आणीत. पकडले गेल्यास तुरुंगवास वा हद्दपारी ठरलेली असे. आउश्रा (पहाट, १८८३) हे नियतकालिक आणि मैरोनिस (१८६२–१९३२) याचा पावासारियो बाल्साइ (वसंताचे स्वर, १८९५) हा काव्यसंग्रह याच काळातील होत. मैरोनिसची देशभक्ती क्वचित घोषणेकडे झुकते. परंतु भावकवितेला त्याने घडीव रूप दिले. योनास याब्लोन्स्किस याच्या व्याकरणाने (१९०१) प्रमाणभाषेचा पाया घातला. १९०४ मध्ये बंदी उठली.

१९१८ मध्ये स्वतंत्र झालेला हा देश १९४० मध्ये सोव्हिएट संघात विलीन करण्यात आला. १९९० मध्ये त्याने स्वातंत्र्याची पुनर्घोषणा केली. २००४ पासून लिथ्युएनियन ही यूरोपीय संघाचीही अधिकृत भाषा आहे. विद्वानांनी तिची प्राचीनता गौरविली. ती जिवंत राहिली, ती तिच्या कवींमुळे व अनाम ग्रंथवाहकांमुळे.