गर्भवतींना हिवतापप्रतिबंधक औषध : गावपातळीवरील वाटपाचे परीक्षण

गर्भारपणातील हिवतापाची मोठी अडचण अशी की तो पुष्कळदा दिसतच नाही. फाल्सिपेरम जातीच्या परजीवींनी ग्रासलेल्या तांबड्या पेशी अपरेतील कॉन्ड्रॉइटिन सल्फेट या द्रव्याला चिकटून राहतात. बोटातून घेतलेल्या रक्तात त्यांचा मागमूस अनेकदा लागत नाही, आणि मूल मात्र अपुऱ्या वजनाचे जन्मते. यास्तव निदानाची वाट न पाहता औषध द्यावे, हे धोरण सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत रूढ झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ साली त्याचा नियम स्पष्ट केला : दुसऱ्या तिमाहीपासून, निदान एक महिन्याच्या अंतराने, प्रत्येक प्रसूतिपूर्व तपासणीच्या वेळी सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिनच्या तीन गोळ्या, शक्यतो सेविकेच्या देखत, आणि अशा किमान तीन मात्रा. उपाय इतका स्वस्त व सुटसुटीत असूनही २०२२ साली तीन मात्रा मिळालेल्या स्त्रियांचे प्रमाण निम्म्याहून कमीच होते.

जी स्त्री दवाखान्यापर्यंत पोहोचत नाही तिच्याकडे औषधच न्यावे, ही कल्पना येथून निघते. युगांडातील मुकोनो जिल्ह्यात सुईणी, औषधविक्रेते व गावातील कार्यकर्ते यांच्यामार्फत हा प्रयोग झाला. दक्षिण मलावीतील प्रयोगाचा वृत्तांत २००९ साली प्रसिद्ध झाला. तेथे मात्रा घेणाऱ्या स्त्रिया वाढल्या, परंतु तपासणीस येणाऱ्या घटल्या. घरी गोळी मिळाली की स्त्री दवाखाना सोडते, असा त्याचा अर्थ सहज लावता येतो. तो अपुरा आहे. गोळी दाराशी येताच जी पायपीट थांबते, ती गोळीखेरीज दवाखान्यात जे मिळत होते त्याविषयीही काही सांगते. त्याची झाडाझडती न घेता दोष स्त्रीच्या आळसाला किंवा अज्ञानाला देणे हे संशोधन नव्हे. मात्र त्या आकड्यांमागील भीती खोटी नाही. रक्तदाब, पंडुरोग, उपदंश, एचआयव्ही यांच्या तपासण्या आणि धनुर्वाताची लस ही सामान्यतः दवाखान्यातच होतात. झटके येण्यापूर्वी वाढलेला रक्तदाब कोणत्याही गोळीवाटपाने सापडत नाही.

या दृष्टीने काँगो लोकशाही प्रजासत्ताक, मादागास्कर, मोझांबिक व नायजेरिया या चार देशांत २०१७ पासून चाललेला ‘टिपटॉप’ प्रकल्प महत्त्वाचा ठरतो. येथे गावातील आरोग्यकार्यकर्त्याचे काम केवळ वाटपाचे नव्हते. गर्भवतीला शोधून तपासणीस धाडणे हाही त्याचा भाग होता. तीन मात्रांचे प्रमाण वाढले, जरी सर्वत्र सारखे नाही. आणि तपासणीची उपस्थिती घटली नाही. मलावीच्या निष्कर्षाला हे उत्तर होय, पण ते पुरेसे बळकट म्हणता येत नाही. प्रकल्पाचे मूल्यमापन मुख्यतः आधीच्या व नंतरच्या कुटुंब-पाहण्यांवर उभे आहे, चिठ्ठी टाकून निवडलेल्या तुलनागटांवर नव्हे. शिवाय प्रकल्पाने दर्जेदार गोळ्यांचा पुरवठाही केला. तेव्हा वाढीचे श्रेय कार्यकर्त्याच्या पायांना किती आणि भरलेल्या कपाटाला किती, हे वेगळे काढणे कठीण होते. ज्या दवाखान्यांत गोळ्याच संपलेल्या असतात, तेथे स्त्री आली नाही अशी नोंद करणे अन्यायाचे आहे.

दुसरा आक्षेप मोजमापाचा आहे. मात्रांची संख्या म्हणजे संरक्षण नव्हे. पूर्व व दक्षिण आफ्रिकेत या औषधाला परजीवी पुष्कळच दाद देईनासे झाले आहेत. तरीही केनिया, मलावी व टांझानियातील चाचणीत, जिचा वृत्तांत २०२३ साली आला, पर्यायी औषधाने हिवताप अधिक रोखला तरी गर्भाच्या व बालकाच्या दृष्टीने एकंदर परिणाम सुधारले नाहीत. जुन्या औषधाचा लाभ हिवतापापलीकडेही असावा, असे यावरून दिसते. म्हणून मात्रांच्या टक्केवारीबरोबर जन्मवेळचे वजन मोजले गेले पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली अशा वाटपास वाव दिला, पण प्रसूतिपूर्व तपासणी टिकली पाहिजे या अटीवर. ती अट पाळण्याचा भार शेवटी गावातील कार्यकर्त्यावर पडतो. एचआयव्हीसाठी कोट्रायमोक्झाझोल घेणाऱ्या स्त्रीला ही गोळी देता येत नाही. पहिल्या तिमाहीतही ती टाळायची असते. म्हणजे शेजारणीचे दिवस किती गेले हे शेजाऱ्यालाच विचारावे लागते, आणि गर्भ लवकर उघड न करण्याची रीत जेथे आहे तेथे ओळखच आड येते. एवढी नाजूक चौकशी ज्याच्याकडून अपेक्षित आहे, त्याच्या मोबदल्याची तरतूद प्रकल्पाचा निधी संपल्यावर कोण करणार, याचा हिशोब टक्केवारीच्या तक्त्यांत बसत नाही.