लक्ष्मीबाईंचा राग आणि लक्ष्मीबाईंची क्षमा

लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' आपल्यापैकी पुष्कळांनी वाचलेले असते. निदान त्यातला एखादा उतारा शाळेत भेटलेला असतो. लक्षात राहते ते वडिलांचे कडक सोवळे, टिळकांचा लहरी स्वभाव आणि लक्ष्मीबाईंचा मिस्कील विनोद. 'किती गोड पुस्तक!' असे म्हणून आपण ते परत कपाटात ठेवतो. अलीकडे ते पुन्हा वाचताना मला वाटले, की त्याला नुसते गोड म्हणून सोडून देणे अन्यायाचे आहे. जवळच्या माणसाने मन दुखावले, तर रागावायचे किती आणि माफ करायचे कसे, हा त्या पुस्तकाचा खरा विषय आहे.

थोडी उजळणी करू. १८८० साली नारायण वामन टिळकांशी लक्ष्मीबाईंचे लग्न झाले. कवी म्हणून थोर असलेला हा गृहस्थ संसारात मात्र बेभरवशाचा. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तोही पत्नीला सोबत न घेता. पदरात लहानगा दत्तू. पुढची काही वर्षे त्या माउलीने नातेवाइकांच्या आधाराने, नवरा जिवंत असून एकटीने काढली. मग दोघे पुन्हा एकत्र आले आणि १९०० साली लक्ष्मीबाईंनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला.

आता ख्रिस्ती शिकवण काय सांगते ते पाहू. मी ख्रिस्ती घरात वाढलो. आमच्याकडे मुलांना अगदी लहानपणी प्रभूची प्रार्थना शिकवतात. तिच्यात रोजच्या भाकरीच्या मागणीला लागूनच क्षमेची मागणी येते, आणि तिला एक अट जोडलेली असते. आपण दुसऱ्याला माफ केले असेल, तरच स्वतःसाठी माफी मागायची. मत्तयाच्या मराठी शुभवर्तमानात या ठिकाणी 'ऋण' हा शब्द आहे. मला तो फार अचूक वाटतो. दुखावलेला माणूस मनात वहीच उघडतो, आणि तिच्यात व्याज रोज चढते.

त्याच शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात येशू सांगतो, की वेदीपाशी अर्पण आणल्यावर आठवले, की कोणाच्या मनात आपल्याविषयी काही सलते आहे, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करून यावे. अठराव्या अध्यायात दुसरी बाजू येते. ज्याचे मन दुखावले त्याने अपराध्याला एकांतात गाठून बोलावे. त्याने ऐकले नाही तर एक-दोघांना सोबत न्यावे, आणि तेही जमले नाही तरच मंडळीपुढे सांगावे. म्हणजे चालत जायचे दोघांनीही. 'आधी त्याने यावे' म्हणत बसायची सोय कोणालाच नाही.

या मापाने पाहिले तर १८९५ साली टिळक कमी पडले, असे मला स्पष्ट म्हणावेसे वाटते. त्यांनी वेदीवर आपले सर्वस्व वाहिले, पण घरी कोणाचे मन मोडते आहे याचा हिशेब मागे ठेवून. त्यांची श्रद्धा खरी होती, त्यासाठी त्यांनी सोसलेही पुष्कळ. तरीही हे ऋण उरलेच. मात्र पुढे त्यांनी जे केले तेही न्यायाने सांगितले पाहिजे. पत्नी परत आली तेव्हा त्यांनी तिच्यावर धर्म लादला नाही. तिचे सोवळे तिला पाळू दिले. जातिभेद माणसांनी केलेला आहे, हे तिला स्वतःच्या विचाराने पटले तेव्हाच तिने तो सोडला. क्षमा मागण्याची ही एक रीत म्हणता येईल. शब्दांत नसेल, वागण्यात होती.

आणि लक्ष्मीबाई? त्यांच्या लेखणीत सोशिक साध्वीचा आव कुठेही नाही. त्या चिडतात, टोमणे मारतात, नवऱ्याला तोंडावर सुनावतात. टिळक १९१९ साली गेले आणि 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाले. म्हणजे हे सारे पंधरा वर्षांनंतरचे लिखाण आहे. इतक्या काळानंतर एक तर माणूस नवऱ्याची मूर्ती घडवतो, नाही तर आरोपपत्र लिहितो. बाईंनी दोन्ही केले नाही. वहीतली एकही नोंद खोडली नाही, आणि व्याजही लावले नाही. मला वाटते, प्रार्थनेने माणसात जो बदल व्हावा तो हाच. जे घडले त्याची आठवण राहते, वसुलीची इच्छा तेवढी जाते. टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य पुढे लक्ष्मीबाईंनीच लिहून काढले, यात सगळे आले.

तरी पुस्तकाविषयी माझी एक तक्रार आहे. त्यातला विनोद इतका सरस आहे, की वाचक हसता हसता टिळकांना फार स्वस्तात सोडून देतो. बाईंना हसण्याचा अधिकार होता, कारण भोगले त्यांनी. आपल्याला तो आयता मिळतो. 'तिने हसून घेतले ना' असे म्हणत आपल्या घरातल्या बायकांकडूनही तशीच अपेक्षा ठेवली, तर क्षमेचा अर्थ 'गप्प बस' एवढाच उरेल. पुस्तक वाचताना हे भान ठेवायला हवे.

आपण राहतो त्या देशात धर्माच्या अवमानाविरुद्ध २०१५ साली कायदा आला आणि २०२३ साली त्याच्या जागी नवा. फेब्रुवारी २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस आणि अल-अझरचे इमाम अहमद अल-तय्यब यांनी अबुधाबीत मानवी बंधुत्वाच्या दस्तऐवजावर सह्या केल्या. मोठ्या दुखापतींसाठी अशा मोठ्या सोयी आहेत. पण हळदीकुंकवाचे बोलावणे आले नाही, नाटकात मुलाला भूमिका मिळाली नाही, पार्किंगमध्ये कोणी तोंड फिरवले, यासाठी कुठला कायदा? इथे रुसून जायला माहेरही जवळ नाही. मग व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर चार ओळी पडतात.

आमच्या आयटीच्या भाषेत बोलायचे, तर मत्तयाचा अठरावा अध्याय म्हणजे चक्क एस्कलेशन मॅट्रिक्स आहे. पहिली पायरी एकांताची, शेवटची सर्वांसमक्ष. आपण मात्र सरळ शेवटच्या पायरीवर उभे राहतो, सगळ्यांना सीसी करून! धर्म कोणताही असो, देवापुढे हात जोडण्याआधी एक फोन त्या माणसाला करून पाहायला काय हरकत आहे?

यंदा सुट्टीत घरी जाल तेव्हा येताना बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी 'स्मृतिचित्रे'ला जागा ठेवा. वाचून हसा जरूर. पण हसून झाल्यावर, आपल्या वहीत कोणाचे नाव लिहिलेले आहे तेही एकदा पाहा.