खिलाफत, संविधान आणि एक काझी

३ मार्च १९२४ रोजी तुर्कस्तानच्या राष्ट्रसभेने खिलाफत रद्द केली. हिंदुस्थानातील खिलाफत चळवळीचे मोठे केंद्र मुंबई होते, त्यामुळे हा इतिहास आपल्याला परका नाही. पुढच्याच वर्षी इजिप्तमधील मन्सूरा येथील शरिया न्यायालयाचे काझी अली अब्दुर राझिक यांनी 'अल-इस्लाम व उसूलुल हुक्म' हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याला शंभर वर्षे उलटली, तरी त्यातला प्रश्न आम्हाला जुना वाटत नाही : इस्लामने मुसलमानांना ठरावीक राज्यपद्धती सांगितली आहे काय?

त्यांचे उत्तर 'नाही' असे आहे. कुरआनात खिलाफतीचा हुकूम नाही. इज्मा म्हणावा, तर खलिफांची गादी बहुधा तलवारीच्या जोरावर टिकली. पैगंबरांचे (स.) कार्य रिसालतीचे होते, बादशाहीचे नव्हते. म्हणून राज्यकारभार मुसलमानांनी अक्कल आणि अनुभव यांच्या आधारे उभारावा. अझहरमध्ये शिकलेल्या आलिमाने हे दीनच्याच भाषेत मांडले, हे पुस्तकाचे खरे बळ.

मात्र मदीनेतील जकातीची वसुली, न्यायनिवाडा, अधिकाऱ्यांच्या नेमणुका यांचा उलगडा करताना त्यांची लेखणी अडखळते. तेथे विरोधकांचे आक्षेप वजनदार आहेत, हे मान्य केले पाहिजे. मुहम्मद अल-खिद्र हुसैन यांनी तर ग्रंथ लिहून खंडन केले. ती रीत रास्तच होती.

पण गोष्ट खंडनावर थांबली नाही. ऑगस्ट १९२५ मध्ये अझहरच्या उलेमांच्या मंडळाने त्यांचा आलिमचा दर्जा काढून घेतला, काझीपदही गेले. इजिप्तच्या १९२३ च्या संविधानात मतस्वातंत्र्याचे कलम होते आणि इस्लाम हा राज्याचा अधिकृत धर्म असल्याचेही. प्रसंग आला तेव्हा मतस्वातंत्र्याचे कलम लेखकाच्या कामी आले नाही.

पुस्तकात नसलेले प्रकरण आम्हाला येथे सापडते. धर्म आणि सत्ता वेगळ्या आहेत, एवढे सिद्ध करून भागत नाही. तसे बोलणाऱ्याला सांभाळणारी व्यवस्थाही लागते. भारताच्या संविधानाने राज्याला अधिकृत धर्म दिला नाही. अनुच्छेद १९ ने बोलण्याचा आणि २५ ने श्रद्धेचा हक्क दिला. अल्पसंख्य म्हणून आपण या हक्कांचा आधार मागतो, आणि तो मागायलाच हवा. मग आपल्याच जमातीत वेगळे लिहिणाऱ्याला तोच हक्क देताना आपण का कचरतो? अब्दुर राझिक यांच्याशी वाद जरूर घालावा. पण पुस्तकाला उत्तर पुस्तकानेच द्यावे, एवढे तरी आपण शिकायला हवे.